पहिलं पीठ

मिस्त्री, तुमची दगड घडवायची टाकी आणि हातोडी आमच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवली आहे. दहा दिवस झाले. आम्ही उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवतो. तुमची सामानाची पेटी बांधून गावी गेली आणि मग खाटेखाली ही हत्यारं गुंडाळलेलं फडकं सापडलं, असं तुमच्या खोलीतले सोबती सांगत होते. तुमच्या डायरीत माझा नंबर 'जात्याच्या ताई' म्हणून लिहिलेला होता, म्हणून तुम्ही गेल्याचा फोनही मलाच आला. "सकाळी ड्यूटीला हाक मारली, तर उठलेच न्हाईत," एवढंच ते म्हणाले. मी "अरेरे" म्हणाले. सात वर्षं तुमच्याशी बोलायचं राहिलं होतं, त्यातलं तोंडातून एवढंच निघालं.

हत्यारं गावी मी पाठवते, असं मी त्यांना सांगितलं. अजून पाठवलेली नाहीत. त्यासाठी तुमच्या घरी फोन करून पत्ता विचारावा लागणार होता, आणि घरचे विचारणार होते, तुम्ही कोण? मग मला सांगावं लागणार होतं.

तुमची माझी पहिली भेट फुजैराकडच्या डोंगरातली. मी सत्तावीस वर्षांची, पुण्याची डिग्री घेऊन नुकतीच दुबईच्या एका कन्सल्टन्सीत चिकटलेली. ऑफिसात साइटवर जाणारी एकटी बाई, त्यामुळे चुकायची सोय नव्हती आणि अंगात शहाणपण तर मावत नव्हतं. त्या गावातल्या जुन्या पडक्या बांधकामांची मोजमापं घेऊन मी नकाशा केला होता. पाटाच्या कडेला दोन पुरुष उंचीचं एक दगडी धूड उभं होतं, त्यावर मी झोकात लिहिलं होतं, वॉच टॉवर. कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला चार माणसं देऊन त्याची भिंत सांधायला पाठवलं. तुम्ही वर चढलात, आतल्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घातलात आणि तिथूनच मला विचारलंत, "ताई, बुरूज म्हनता व्हय ह्याला?"

"हो. टेहळणीचा बुरूज आहे."

"मंग पहारेकरी काय डोक्यावर पानी घिऊन बसायचा?"

खालची चार माणसं हसली. मला राग आला. तुम्ही आतून खरवडून आणलेला पांढरा पापुद्रा माझ्या हातावर ठेवलात. वर्षानुवर्षं पाणी वाहिल्याशिवाय असा थर चढत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण तिथे हात घालून बघायचं शिकवलं नव्हतं. दोन दिवस राडारोडा उपसल्यावर तळाच्या खोलीतून गोल दगड निघाला, मधोमध भोक असलेला. तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवलात.

"जातं हाय हे," तुम्ही म्हणालात. "मानसाचं न्हवं, पान्याचं."

मी म्हणाले, "म्हणजे पाणचक्की."

"चक्की फिक्की न्हाई. जातंच. हात पान्याचा हाय, येवढंच."

त्या शब्दावरून आपण महिनाभर भांडलो. माझ्या कागदांवर मिल, तोंडी चक्की, आणि तुमचं आपलं जातं ते जातं. तुम्ही म्हणायचात, "ताई, जात्यावर बसला न्हाई तुम्ही कधी, म्हनून आसं बोलता." खरंच नव्हते बसले. आमच्या घरी दळणाचा डबा गिरणीत जायचा. तुमचे वडील मात्र माण तालुक्यात गावोगाव जात्यांना टाकी लावत फिरायचे. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की धान्य नुसतं घसरतं, म्हणून टाकीने बारीक खाचा पाडून तो पुन्हा खरखरीत करायचा, ही तुमच्या घराची पिढीजात विद्या. तिच्यावर पोट भरेना म्हणून तुम्ही गवंडी झालात आणि आखातात आलात. तरी टाकी घेऊन आलात. कशाला, असं मी विचारलं होतं. "बापाची हाय," म्हणालात.

त्या जात्याचा इतिहास माझ्या नावाने छापला गेला, मिस्त्री. तो सगळा सालिमबाबांच्या तोंडचा होता आणि त्यांच्याशी गप्पा तुम्ही मारत होतात. सालिमबाबा म्हणजे गावातले सर्वांत म्हातारे गृहस्थ, त्या जात्याच्या शेवटच्या धन्याचे चिरंजीव. तुमचं हिंदी साताऱ्याचं, त्यांचं हिंदी आखाती, आणि दोघांचं इतकं जमायचं की मी वही घेऊन नुसती ऐकत बसायचे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने बागांकडे जायचं. वाटेत ते त्या उभ्या पोकळीत कोसळायचं, तळाच्या अरुंद भोकातून जोराने सुटायचं आणि आडव्या लाकडी चाकाच्या पात्यांवर आपटायचं. चाक फिरलं की त्याच्या आसावरचा वरचा दगड फिरायचा. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायका गाढवांवर गहू लादून यायच्या, नंबर लावून बसायच्या. पाण्याची पाळी गावात घटकेघटकेने वाटलेली. जात्याच्या मालकाचा मात्र पाण्यात वाटा नव्हता.

"पानी लो, काम करो, पानी वापस दो," सालिमबाबा सांगायचे. "मेरा बाप एक बूंद नहीं रखता था."

पुढे डिझेलची चक्की आली, मग पिठाच्या तयार गोण्या आल्या, वरच्या अंगाला पंप बसले आणि पाट आटला. लाकडी चाक कुणीतरी सरपणाला नेलं. सालिमबाबांनी जातं शेवटचं फिरताना बघितलं ते मिसरूड फुटायच्या आधी.

आमच्या बॉसला ही गोष्ट कळल्यावर तो खुर्चीतून उठलाच. नुसती भिंत सांधायची नाही, जातं चालू करायचं, असं ठरलं. नवं चाक सुतारांनी केलं, पाटात पाणी सोडायची व्यवस्था झाली. दगडांना टाकी लावायला मात्र अख्ख्या कंपनीत तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. आठ दिवस तुम्ही त्या दोन दगडांवर वाकून होतात. टकटक, टकटक. सालिमबाबा सावलीला बसून बघायचे. एकदा ते मला म्हणाले, "मुहंदिसा, इसका हाथ मेरा बाप जैसा." इंजिनियर बाईला ते मुहंदिसा म्हणत. त्यांनी तुम्हाला दिलेलं ते सर्टिफिकेट मी हिंदीतून मराठीत करून सांगितलं, तेव्हा तुम्ही टोपी काढून पुन्हा घातलीत.

आता ती गोष्ट.

समारंभाच्या दोन दिवस आधी तुम्ही माझ्याकडे आलात. "ताई, उद्या सांजच्याला पानी सोडा वाईच. कोंडा दळून घिऊ."

"कशाला?"

"टाकी लावल्यावर दगडाची कच निघती. पयलं पीठ फेकायचं, दुसरं जनावराच्या आंबोनात, तिसरं मानसाच्या ताटात. आमच्यात रीतच हाय तशी."

मी म्हणाले की ते जमणार नाही. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं, इतक्या वर्षांनी पहिलं दळण. सरकारी खात्याचे मोठे साहेब स्वतःच्या हाताने पहिली मूठ घालणार, व्हिडिओवाले येणार, आणि बॉसला मी शब्द दिला होता की त्या क्षणापर्यंत जातं फिरणार नाही. आदल्या संध्याकाळी गुपचूप फिरवलं आणि गावभर झालं तर? तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. पुन्हा तेच सांगितलंत, या वेळी हात जोडून. मी चिडले. "मिस्त्री, फोटोपुरतं आहे ते. कोण खाणार आहे ते पीठ?"

तुम्ही म्हणालात, "पीठ खायाचंच आस्तंय, ताई." आणि निघून गेलात.

समारंभाची सकाळ तुम्हाला सांगायला नको. पाणी कोसळलं, चाक कुरकुरलं आणि दगड फिरायला लागला. सालिमबाबा रडले. मीही रडले, हे खरं आहे. मोठ्या साहेबांनी मूठ घातली, मागोमाग तुम्ही पोत्यातला गहू घातलात, पीठ पडलं, टाळ्या झाल्या. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना सालिमबाबांनी ते पीठ गोळा केलं आणि आत घरात नेलं. थोड्या वेळाने त्यांच्या घरून पातळ रोट्यांची चळत आली, मध घातलेली. त्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांना पहिला घास दिला. आपल्या बापाच्या जात्याची भाकरी पाहुण्याला खिलवायची होती त्यांना.

साहेबांच्या दाताखाली जो करकर आवाज झाला, तो मी अजून ऐकते. त्यांनी घास रुमालात काढला. शेजारच्यांनी काढला. कोणीतरी थुंकलं. बॉसने माझ्याकडे वळून दातओठ खात विचारलं, "व्हॉट इज धिस?"

तुम्ही पाच पावलांवर होतात, गव्हाच्या पोत्यावर हात ठेवून. मी म्हणाले, "द मेसन डिडन्ट क्लीन द स्टोन प्रॉपरली, सर."

मिस्त्री, मला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. जिभेवर तयारच होतं ते वाक्य. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, बाई माणसाला साइटवर पाठवलं की असंच होतं असं म्हणतील, ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी फक्त एवढंच होतं की माझ्या जागी दुसरं कोणीतरी उभं असावं. मेसन आणि स्टोन हे दोन्ही शब्द तुम्हाला कळत होते. तुम्ही पोत्यावरचा हात काढलात.

संध्याकाळी कॅम्पच्या बसजवळ मी आले, काय बोलायचं ते न ठरवता. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "हुतं आसं, ताई. जावा घरी, लेकरू वाट बघत आसंल." दोन दिवसांनी कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला दुसऱ्या साइटवर हलवलं. जातं पुन्हा चालवायचं नाही असं वरून ठरलं. दोन्ही दगडांतून लोखंडी सळई घातली, भोवती दोरी बांधली आणि शेजारी माझ्या नावाचा फलक लागला. त्यात पाटाचा उतार आहे, चाकाचा व्यास आहे. टाकीचा उल्लेख नाही. मला बढती मिळाली.

दोन वर्षांनी एका शुक्रवारी तुम्ही दुबईत अल मनखूलच्या आमच्या घराची बेल वाजवलीत. सुट्टीवर गावी निघाला होतात. मरीनाकडच्या नव्या टॉवरच्या लॉबीत ग्रॅनाइट बसवायचं काम लागल्याचं सांगितलंत. "आरशागत लागतोय दगूड, त्वांड दिसाया पायजे," म्हणालात आणि हसलात. सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होतात. उरलेल्या ग्रॅनाइटमधून माझ्यासाठी लहानसा पाटा-वरवंटा घडवून आणला होतात. पाट्याला इतकी सुरेख टाकी लावलेली की हात फिरवत राहावंसं वाटलं.

"आदी मूठभर तांदूळ वाटून फेका, ताई," तुम्ही म्हणालात. "मंग चटनी."

तुम्ही चहाच्या कपात बघत होतात. मला आजही कळत नाही, ते तुम्ही सवयीने बोललात की मला वाट करून दिलीत. मी म्हणाले, "हो हो, माहितीय मला." आणि बिस्किटांची बशी पुढे केली. माझ्या मुलीने दारातून विचारलं, "आई, हू इज ही?" मी म्हणाले, "साइटवरचे एक काका आहेत." तुम्ही मान डोलावलीत. लिफ्टपर्यंत सोडायला आले तेव्हा तोंड उघडलं होतं मी. लिफ्ट आली. पाटा आमच्याकडे ओट्याखाली आहे. त्यावर मी एकदाही काही वाटलं नाही. मिक्सर आहे म्हणून, असं घरी सांगते.

गेल्या शुक्रवारी मी तुमची टाकी पर्समध्ये घातली आणि एकटीच गाडी चालवत त्या गावी गेले. का, ते विचारू नका. तुमच्या घरी फोन करायचं धाडस होईना, म्हणून दुसरीकडे कुठेतरी जायचं होतं बहुतेक. सालिमबाबा आता काठीशिवाय उठत नाहीत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, टाकी मात्र त्यांनी लगेच ओळखली.

"मिस्त्री का है," ते म्हणाले.

तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी तुमच्यासाठी दोन शब्द पुटपुटले, पण चेहरा आखडलेलाच राहिला. मग म्हणाले, "अच्छा हाथ था. लेकिन पहला आटा भूल गया. मेरा बाप बोलता था, चक्कीवाला सब भूले, ये नहीं भूलता."

मी विचारलं, "भूल गया, ये किसने बोला?"

"वो बोला. मैं पूछा उसको, उसी दिन. मिस्त्री, पहला आटा फेंका कि नहीं? मैं समझा रात को फेंक दिया होगा, इसलिए रोटी बनाया. वो बोला, बाबा, मेरा गलती, मैं भूल गया. खलास. जाते टाइम सलाम किया, मैंने हाथ नहीं दिया."

मला वाटत होतं, मी तुमचं नाव घेतलं ते इंग्रजीतून, सुटाबुटातल्या माणसांसमोर, आणि ती माणसं तुम्हाला विसरूनही गेली असतील. एवढ्यावर मी सात वर्षं काढली. ज्या एका माणसाने तुमच्या हाताला आपल्या बापाचा हात म्हटलं होतं, त्याच्यासमोर तुम्ही 'विसरलो' म्हणालात, हे मला ठाऊकच नव्हतं. तुमच्या घराण्यात यापेक्षा मोठी नामुष्की नसेल. बाईमाणसाची नोकरी जाऊ नये म्हणून बोललात, की सांगून कोण ऐकणार म्हणून? आता विचारायची सोय राहिली नाही. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

मी सालिमबाबांना सगळं सांगितलं. मोडक्या हिंदीत, थांबत थांबत. ते सळई घातलेल्या जात्याकडे बघत राहिले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अब हाथ किसको दूँ मैं?"

मग त्यांनी माझ्याकडून टाकी मागून घेतली. दोन्ही तळहातांत धरली, जसा आपण एखाद्याचा हात धरतो तशी, आणि परत दिली. "उसका घर में फोन करो," ते म्हणाले. "बोलो, सालिम ने सलाम दिया. और वो बात भी बोलो. इन्शाल्ला मत बोलना. आज करो."

घरी येऊन मी फोन कार्ड खरवडलं आणि तुमच्या खोलीवाल्यांनी दिलेला नंबर लावला. तुमच्या सुभाषने उचलला. आवाज तुमचाच आहे त्याचा. मी नाव सांगितलं, त्याला कळेना. मग म्हणाले, "जात्याच्या ताई."

"आवं ताई!" तो एकदम मोकळा झाला. "आबा लई सांगायचे तुमचं. तिकडं पान्यावरचं जातं चालू केलं म्हनून. सुट्टीला आलं की गावात सगळ्यांस्नी तेच. अजून फिरतंय न्हवं ते?"

तुम्ही गावात ते फिरतंय असं सांगून ठेवलं होतंत, मिस्त्री. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पत्ता लिहून घेतला असता, हत्यारं पाठवली असती.

मी म्हणाले, "नाही सुभाष. एकदाच फिरलं. पिठात कच आली, म्हणून बंद केलं."

तुमचाच मुलगा तो, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "म्हंजे? पयलं पीठ टाकलं न्हवतं?"

"नव्हतं."

"आबा इसरले?" त्याने फार हळू विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आबा विसरले नव्हते. त्यांनी मला दोनदा सांगितलं, हात जोडून सांगितलं. मी ऐकलं नाही. आणि नंतर सगळ्यांसमोर त्यांचंच नाव घेतलं."

त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. फोन ठेवेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, ठेवावा असंही वाटलं.

"मंग आईला सांगा तुम्ही हे," तो म्हणाला. "माझ्याच्यानं न्हाई सांगवायचं. हितंच हाय ती."

आणि त्याने फोन तुमच्या बायकोच्या हातात दिला. "कोन हाय?" त्या म्हणाल्या. टेबलावर तुमची टाकी होती. मी ती हातात घेतली आणि बुरुजापासून सांगायला सुरुवात केली.